कनातीमागचा आवाज

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते वाटाणे सोलायचं. ओट्यावरचं ऊन उतरतीला लागलं होतं. मध्ये सूप, एका बाजूला शेंगांचा ढीग, दुसऱ्या बाजूला पातेलं. मी सोलत होतो. कुसुम, माझी बायको, चार शेंगा सोलायची आणि उठून आत जायची. आत टेबलावर गिटारीचा आवाज काढणारा खोका चालू होता. माझीच एक ओळ तो फिरून फिरून वाजवत होता. ती त्याचं एखादं बटण जरा हलवायची, मागच्या दारानं परसात जायची, धुण्याच्या दगडावर बसून ऐकायची आणि परत येऊन पुन्हा चार शेंगा. मी म्हटलं, "अगं, बस की एका जागी. शेंगा काय आपोआप सोलणार हायेत?" ती म्हणाली, "तुम्ही सोला. तुमचे हात रिकामेच हायेत." ऊन गेलं, ओटा गार पडला. तिनं पातेल्यावर फडकं टाकलं, आत डोकावून खोक्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "झालं नाय अजून. उद्या बघू."

सकाळी मी चहा ठेवला आणि हाक मारली. ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. बरं. त्याच्यावर मला काही लिहायचं नाही. मला तिच्या शेवटच्या थंडीवर लिहायचंय.

थंडी यंदाही आली, कुणाला न विचारता. मखमलाबादकडं आमचं घर आहे. घरामागं परस, परसामागं थोडी जमीन, तिच्यात शेवंती आणि वाटाणा. भोवती सगळ्या द्राक्षबागा. थंडी फार उतरली की बागवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, मण्यांना बाधू नये म्हणून. तो धूर वर जात नाही. वेलींच्या खालून, सोडलेल्या पाण्यासारखा, पसरत पसरत येतो आणि आमच्या ओट्याशी थांबतो. त्याच्यात उभं राहिलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत. कुसुम फुलं तोडून त्या धुरातून यायची तेव्हा ती चालतेय असं वाटायचंच नाही. डोक्यावर पाटी, अंगात माझा जुना स्वेटर, आणि खाली पायच नाहीत. तरंगत यायची. मी म्हणायचो, "आली भुताटकी." ती म्हणायची, "भुताला चहा द्या. भुताला पंचवटीत बाजार गाठायचाय."

आता मी उठतो तेव्हा धूर तसाच असतो. मी त्याच्याकडं बघत बसतो. धुरातून कुणी यावं असं मला वाटत नाही. मी खुळा नाही. पण बघायची सवय आहे ती बघते.

तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात. थंडीत आवाज लांबून येतो हे मी आयुष्यभर पाहिलंय. उन्हाळ्यात पलीकडच्या मळ्यातलं लग्न कळत नाही आणि थंडीत पंचवटीतल्या गंगेपलीकडचा बँड घरात येऊन वाजतो. असं का, हे मला कुणी नीट सांगितलं नाही. कुसुम म्हणायची, थंडीत आवाजालाही पांघरूण लागतं, म्हणून तो घर शोधत येतो. मी म्हणायचो, काहीपण. आज सकाळी लांबून कुठूनतरी सनई आली, यंत्रावरची, आणि मी पांघरुणाचं टोक उचललं. मग माझं मलाच हसू आलं.

मी लग्नात गिटार वाजवायचो. शाळा चौथीपर्यंत. मग पंचवटीत एका बँडवाल्याकडं खुळखुळा धरला, खुळखुळ्यावरून ढोलावर गेलो आणि एका जुन्या गिटारीवर हात बसला. लिहिलेलं सूर-बीर मला वाचता येत नाही. गाणं ऐकायचं आणि बोटांनी शोधायचं. माझ्याकडं एक अँप होता, आवाज वाढवायचा, व्हॉल्व्हचा, लाकडी, उचलायला दोन माणसं. गिटारीतून निघतो तो आवाज बारीक असतो, उघडा असतो. अँप त्याला अंग देतो. चालू केला की आधी काहीच व्हायचं नाही. मग काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेड धरायचा, आतली धूळ तापायची, तिचा वास यायचा, गरम तव्यावर भाकरीचं पीठ उडावं तसा. आणि मग हळूच एक गुणगुण. थंडीच्या लग्नात माझी बोटं आखडलेली असायची. मी ती अँपच्या पाठीला शेकायचो आणि मगच वाजवायला घ्यायचो. त्याला तीन बटणं होती. एक आवाजाचं, एक खालच्या सुरांचं, एक वरच्या. पुरेत. जास्त बटणं ठेवून करायचंय काय?

कुसुमनं मला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. हे तिनं मला जन्मभर ऐकवलं. गिरणारेला तिच्या मावसबहिणीचं लग्न होतं, अशीच थंडी. मांडवाच्या मागच्या अंगाला कनात लावलेली. कनातीपुढं पाहुणे, नवरानवरी आणि आम्ही वाजवणारे. कनातीमागं चुली, धूर आणि पुऱ्या लाटणाऱ्या बाया. ती मागं. ती सांगायची, "तुमचा आवाज कनातीतून यायचा तो चाळून यायचा. पीठ चाळल्यावानी. चरचर सगळी कापडात राहायची आणि मऊ तेवढं आमच्या अंगावर पडायचं. मला वाटलं, कुणीतरी उंच, शांत माणूस वाजवत असंल. मग पाणी द्यायला पुढं गेले तर तुम्ही."

"मग?"

"मग काय. गुमान परत मागं गेले."

ही गोष्ट तिनं पाहुण्यांसमोर सांगितली, व्याह्यांसमोर सांगितली, पार आमच्या मुलीच्या सासूसमोर सांगितली. दर वेळी "गुमान परत मागं गेले" म्हणताना स्वतःच आधी हसायची. लग्न झाल्यावरही ती कधी माझ्यापुढं बसून ऐकायची नाही. लग्नाला बरोबर आली तरी तिची जागा कनातीमागं. मी विचारायचो, आज कसं वाजलं? ती म्हणायची, "मागं छान वाजलं. पुढचं मला ठाऊक नाय."

पुढं एका लग्नात जनरेटरनं झटका दिला आणि अँप गेला. नळ्या कुठं मिळेनात. तोवर लग्नातली गाणीही यंत्रावर वाजायला लागली होती, माणसं लागत नव्हती. मी गिटार खुंटीला टांगली आणि शेवंती तोडायला लागलो. वाईट वाटलं का? वाटलं. पण शेवंतीला रोज तोडावं लागतं, वाईट वाटायला वेळ लागतो.

आमची एकच मुलगी, वैशाली, पुण्याला असते. मागल्या वर्षी दिवाळीला तिनं हा खोका आणला. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन विटांएवढा. म्हणाली, "आप्पा, याच्यात जगातले सगळे अँप आहेत."

मी म्हटलं, "मावले कसे?"

"त्यांचे आवाज आहेत हो. हुबेहूब नक्कल."

"मग नक्कल म्हण. अँप म्हणू नको."

वैशाली आईकडं बघून म्हणाली, "दिवाळीत तरी यांना गोड बोलायला शिकव." कुसुम म्हणाली, "तू आणलेलं यंत्र शिकवतंय का बघ. माझं तर झालं शिकवून."

खोक्याला वर तीन बटणं होती, माझ्या जुन्या अँपला होती तीच. ती बघून मला बरं वाटलं. गिटारीची वायर घातली, बटण फिरवलं, आवाज आला. तापायला वेळ नाही, धुळीचा वास नाही, गुणगुण नाही. एकदम आवाज. मला जरा फसवल्यासारखं झालं, पण बोटं चालायला लागली. बाजूला हाताच्या तळव्याएवढा पडदा होता. त्याच्यावर बोट ठेवलं की आत पानं उघडायची. कुठला अँप, स्पीकर केवढा, माईक स्पीकरच्या किती जवळ, खोली किती मोठी, भिंती दगडाच्या की लाकडाच्या. पानामागं पान. मी दोन पानं पाहिली आणि वैशालीला म्हटलं, "मला वाजवायचंय. घर बांधायचं नाय."

तेव्हापासून वाटणी झाली. वरची तीन बटणं माझी आणि आतलं सगळं कुसुमचं.

तिला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचायची, औषधाच्या बाटल्या वाचायची तशी. पण फुलं बाजारात देऊन आली, जेवणं झाली की चष्मा लावून खोक्यापुढं बसायची आणि पुण्याला फोन लावायची. मी दुपारी कॉटवर पडून ऐकायचो. डोळे मिटलेले, झोप अर्धी आलेली, आणि दोघींचं बोलणं झोपेत मिसळायचं.

"अगं, आर-ओ-ओ-एम म्हणजे गं?"

"रूम, आई. खोली."

"मग ही खोली लहान केली की आप्पांचा आवाज कोंडल्यासारखा का होतो?"

"खोली लहान केलीस म्हणून."

"मग उघड्यावरचं कुठं हाय? मांडवातलं?"

"मांडव नाहीये आई. हॉल आहे, चर्च आहे, तळघर आहे."

"कनात?"

वैशाली फोनवर हसत सुटली. "कनात कोण घालील गं त्याच्यात?"

"बरं," कुसुम म्हणाली. "मग मी घालते."

आणि ती घालायला बसली. सगळी थंडी ती तेच करत होती. तिच्या कानात गिरणारेच्या लग्नातला आवाज होता, कनातीतून चाळून आलेला, तो तिला खोक्यातून काढायचा होता. मला सांगायची, "कापड वरचं खातं, खालचं सोडतं. म्हणून वरचं कापायचं. पण सगळं कापलं तर आवाज मरतो. थोडी चरचर कापडातूनही येतेच." माईक लांब न्यायची, जवळ आणायची. भिंती काढून टाकायची. एकदा म्हणाली, "ह्याच्यात धुराचं बटण पाहिजे होतं. धुरातून आलेला आवाज निराळा असतो." मी कॉटवरून म्हटलं, "पुरीचंही बटण ठेवायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "तुम्ही झोपा."

एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोक्यात आवाज नंबरानं ठेवलेले असतात. एखाद्या नंबरात तुम्ही काही बदल केला की पडद्यावर त्याच्या नावापुढं एक चांदणी येते. चांदणी म्हणजे, बदललंय पण जपलेलं नाही. जपायचं तर एक बटण दाबून धरायचं. चांदणी जाते, आवाज कायमचा राहतो. न जपता खोका बंद केला तर केलेलं सगळं जातं आणि जुना आवाज परत येतो. वैशालीनं हे आईला चारदा सांगितलं होतं. "आई, रोज जपत जा गं." कुसुमचं उत्तर ठरलेलं. "झालंच नाय तर जपू काय? अर्ध्या लाटलेल्या पुरीला कुणी डब्यात ठेवतं का?" ती खोका बंदच करायची नाही. लाईट गेली तर घरात इन्व्हर्टर होता. खोक्यावरचा लाल दिवा आणि पडद्यावरची चांदणी सगळी थंडीभर आमच्या घरात पेटलेली होती.

तिनं आपली एक रीत बसवली होती. खोक्याला पायानं दाबायचं एक बटण आहे. ते दाबून वाजवलं की खोका तेवढं धरून ठेवतो आणि फिरून फिरून वाजवत राहतो. कुसुम त्याला रहाट म्हणायची. मला म्हणायची, "एकदा रहाटात ओता आणि सुटा. मला तुमची गरज नाय." मी एक ओळ वाजवायचो, जुन्या लग्नातली, वरात दारात आली की वाजवायचो ती. मग ती मागच्या दारानं परसात. धुण्याच्या दगडाच्या पुढं कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिच्यावर ती चादर टाकायची आणि चादरीमागं बसून ऐकायची. नीट ऐकून झालं की चादर काढायची आणि पुन्हा ऐकायची. चादर नसताना चादरीतून आल्यासारखं वाजलं पाहिजे, असा तिचा हिशोब. मग आत, एक बटण, परत बाहेर. शेजारची सून एकदा कुंपणावरून म्हणाली, "काकू, चादर वाळली ओ." कुसुम म्हणाली, "चादर वाळली गं. आवाज ओला हाय."

मला सारखी म्हणायची, "एकदा मागं येऊन ऐका की."

"माझा आवाज मला ठाऊक हाय."

"पुढचा ठाऊक हाय."

"तीन बटणांत येतो तेवढा आवाज मला बास हाय."

त्यावर तिनं कंबरेवर हात ठेवले. "माझ्याशीही तीन बटणांवरच संसार केला तुम्ही. चहा दे, जेवायला वाढ, कुठं गेलती."

मी म्हटलं, "चाललं की नाय बिघाड न होता?"

"चाललं," ती म्हणाली. "मीच आतून जुळवत होते म्हणून चाललं." आणि हसत हसत चादर घेऊन मागं गेली. थंडीतलं ऊन होतं. तिच्या हातात चादर, मागं शेवंती, आणि घरातून मी वाजत होतो. आज ते आठवलं की त्यात कुठलं दिवाळीनंतरचं आणि कुठलं गिरणारेचं हे मला वेगळं करता येत नाही. दोन्हीकडं ती कापडाच्या पलीकडं आहे.

सोपं ते वाईट असं मी म्हणणार नाही. वर तीन बटणं नसती तर मी त्या खोक्याला हात लावला नसता आणि गिटार अजून खुंटीवर असती. म्हाताऱ्या माणसाला सुरुवात सोपी लागते. ज्यानं ती तीन बटणं वर ठेवली त्याचं भलं होवो. पण त्याच माणसानं आत एवढी पानं कुणासाठी ठेवली, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, शहाणपण दाखवायला. आता वाटतं, खोल जायला कारण लागतं. मला आवाज पाहिजे होता, तो मला वरच मिळाला. तिला एक आवाज पाहिजे होता. एकच. तो वर नव्हता. मग ती खाली खाली जात राहिली, एक एक अक्षर जुळवत. चाळीस पानं असती तरी गेली असती.

ती गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं. माझी थोरली बहीण, आक्का, पंचवटीतून आली आणि तिनं घर हातात घेतलं. जिथं कुसुमला शेवटचं ठेवलं होतं तिथं आक्कानं पीठ पसरलं आणि त्यावर दिवा लावला. आमच्यात तो दिवा तेराव्यापर्यंत विझू देत नाहीत. त्याच्या शेजारीच टेबल, टेबलावर खोका, खोक्यावर लाल दिवा. रहाटाचा आवाज मी कमी करून टाकला होता, पण खोका चालू ठेवला होता. वातीचा उजेड आणि तो लाल ठिपका, दोन्ही एकाच कोपऱ्यात. लोक येऊन बसायचे, काहीबाही बोलायचे. मी त्या कोपऱ्याकडं बघायचो. दिवे दोन आणि त्यांच्यामध्ये पांढरं पीठ, चाळलेलं.

वैशाली रडून रडून सुजली होती. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आप्पा, चांदणी आहे अजून. जपून ठेवू का? एक बटण दाबायचंय."

मी म्हटलं, "नको."

"जाईल हो ते."

"तिचं झालेलं नव्हतं. ती म्हणाली होती, झालं नाय. राहू दे तसंच. तेरावं होऊ दे, मग बघू."

असं का म्हणालो? सुतकात नवं काही करत नाहीत, हे एक. आणि जपलं की चांदणी जाणार होती. चांदणी होती तोवर ते काम चालू होतं. कुणीतरी परसात गेलंय आणि परत येऊन बटण फिरवणार आहे.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. परत आलो तेव्हा घर सारवल्यासारखं स्वच्छ होतं. आक्का मागं थांबली होती, तिनं सगळं आवरलं होतं. ओट्यावरचं सूप धुऊन उभं केलेलं. वाटाण्याचं पातेलं तिनं आधीच शेजारच्या गाईपुढं रिकामं केलं होतं. कोपऱ्यात दिवा शांत जळत होता. खोका काळा होता. वायर गुंडाळून, वर रुमाल टाकून, नीट भिंतीशी ठेवलेला.

मी विचारलं, "हे कुणी काढलं?"

"मी," आक्का म्हणाली. "सुतकात बाजाचं यंत्र पेटतं ठेवतात का रे? दिव्याशेजारी तो लाल डोळा. आल्यागेल्यांना काय वाटंल? मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर फडकं टाकत होते, ते कुणी ना कुणी काढायचं. आज म्हटलं, काढूनच ठेवावं."

वैशालीनं धावत जाऊन वायर लावली. खोका सुरू झाला. नंबर आला, नाव आलं. नावापुढं काही नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मग तिनंच आक्काला समजावलं, आत काय होतं, चांदणी म्हणजे काय, आई सगळी थंडी काय करत होती. आक्का ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"मला काय ठाऊक रे," ती म्हणाली, "त्या डब्यात कुसुम होती म्हणून."

मी म्हटलं, "कुसुम नव्हती, आक्का. मी होतो. तिला ऐकू यायचो तसा."

आक्का भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं उठली, तेलाची बुधली घेऊन दिव्यापाशी गेली, वात सारली, तेल घातलं. रात्र रात्र जागून तिनं तो दिवा एकदाही विझू दिला नव्हता. गुडघे दुखत असताना. तिला काय बोलणार? मी म्हटलं, "आक्का, चहा घे." ती म्हणाली, "तू घेतला का?" मी म्हटलं, "घेतो."

तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, माणसं पांगली. वैशालीला मी पुण्याला पाठवलं, तिचं घर होतं, पोरं होती. जाताना ती म्हणाली, "आप्पा, आई कुठल्या कुठल्या पानावर होती, काही आठवतं का? मी बघते जुळवून." मी म्हटलं, "मी डोळे मिटून पडलेला असायचो." आक्का संध्याकाळी गेली. दिवा उचलला, पीठ गोळा केलं. त्या तेवढ्या जागी फरशीवर एक पांढरा गोल राहिला होता. घरात आलेल्या सगळ्यांनी पांघरलेल्या चादरींचा ढीग तेवढा मागच्या दारात पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूर ओट्यापर्यंत आला होता. मी चहा केला, एकट्याचा. ग्लासाला बोटं शेकली. मग चादरी घेतल्या आणि परसात गेलो. मी जन्मात चादर धुतली नव्हती. दगडावर आपटली, पिळली, जमेल तशी दोरीवर टाकली. एक, दुसरी, तिसरी, सगळी दोरी भरली. पाणी गळत होतं. पलीकडची शेवंती दिसेनाशी झाली.

आत येऊन खोका चालू केला. चष्मा लावला. गिटार काढली, तिच्यावर धूळ होती, पुसली. वरात दारात आली की वाजवायचो ती ओळ वाजवली, बोटं अडकली, पुन्हा वाजवली आणि रहाटात सोडली. तिला तिथं फिरू दिलं आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. चादरींच्या खालून वाकून पलीकडं गेलो. धुण्याच्या दगडावर बसलो. दगड गार होता, बसायची जागा मधोमध जरा गुळगुळीत होती.

मी स्वतःला ऐकलं. ओल्या कापडातून. मी इतका हळू वाजवतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुष्कळ वेळ बसलो. मग उठून पुढची चादर दोरीवरून खाली घेतली, तिच्यानंतरची, सगळ्या घेतल्या, आणि पुन्हा बसलो. आता तो पुढचा आवाज झाला, तोंडावर येणारा, चरचरीत. आत गेलो. पडद्यावर बोट ठेवलं. पान उघडलं. आर-ओ-ओ-एम. दुसरं पान. तिसरं. एका ठिकाणी वरचं कापायचं होतं, थोडंसं कापलं. नावापुढं चांदणी आली.

ओल्या चादरींचं ओझं खांद्यावर घेऊन मी पुन्हा मागं गेलो, त्या दोरीवर टाकल्या आणि ऐकायला बसलो. झालं नव्हतं अजून. मी उठलो आणि आत गेलो.